शमुवेल उर्फ सॅम्युअल उर्फ सामवेल

माझं नाव शमुवेल. पुढे गावाचं आडनाव, शेवटी 'कर'. त्यामुळे 'कर' ऐकून लोक खूश होतात आणि नाव ऐकून गप्प. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागकडचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. जुनी मंडळी हुशार. त्यांनी शमुवेलचा समाजी केला नि एझिकेलचा हसाजी. समाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. रस्ता मात्र सॅम्युअल स्ट्रीट. म्हणजे आज असते तर त्यांचीही केवायसी अडकली असती.

मूळ शमुवेल बायबलातला संदेष्टा. लहानपणी देवाने रात्री हाक मारली, तर पोरगं उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावलं, 'बोलावलंत?' असं तीनदा. चौथ्या हाकेला कुठे नीट उत्तर गेलं. दवाखान्यात मला 'शामवेल... शामल... श्यामलाताई' अशा तीन हाका येतात. चौथी हाक पुढच्या पेशंटला.

बाकी सॅम्युअल मंडळींचं बरं चाललं. सॅम्युअल क्लेमेन्स तर टोपणनाव घेऊन सरळ लेखक मार्क ट्वेन होऊन सुटला. त्याला आधार कार्ड नव्हतं. फोनवर 'एस फॉर सातारा, ए फॉर अकोला' करताना मला टिंब-रेघांच्या सॅम्युअल मोर्ससाहेबाची फार आठवण येते. आणि न येणाऱ्या माणसाची वाट बघत दोघांना रंगमंचावर ताटकळत ठेवणारा नाटककार बेकेट, तोही सॅम्युअलच. टोकन घेऊन बसलं की तो मला पुरता समजतो.

परवा बँकेत साहेबांनी माझे कागद शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवला. ''आधार शमुवेलचं, पॅन सॅम्युअलचं, लाइटबिल सामवेलचं. हे तिघे तुमचे कोण?''

''मीच.''

''मग तसं स्टँपपेपरवर आणा.''

नोटरीने टाइप केलं, 'शमुवेल उर्फ सॅम्युअल उर्फ सामवेल'. इतकी उर्फ फक्त पोलिसांच्या यादीत असतात. वाचून मलाच माझा धाक वाटला. साहेबांनी कागद टाचला, शिक्का मारला, फॉर्म पुढे ओढला.

''नॉमिनी?''

''बायको. रिव्हका.''

''आधारवर?''

''रिबेका.''

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.