कवळा दरवर्षी मरतो, म्हणूनच त्याच्यात बसायचं नाही

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आधी आभार मानतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलणाऱ्या पिवळ्या कवळ्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. रोप वर्षायू आहे, दिवाळीपर्यंत आपणहून वाळतं, मग फोटोसाठी चार माणसं त्यात बसली तर बिघडलं काय, हा पहिला. फुलं कमी झाली ती गुरं बंद केल्यामुळे, हा दुसरा. आणि तुमच्या गावात पिढ्यान् पिढ्या पाला खुडून भाजी करतात तरी कवळा संपलेला नाही, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला अजिबात मान्य नाही. पठारावर शेजारीच चवर फुलतो. त्याचं वरचं अंग तुडवलं गेलं तरी जमिनीत कंद असतो, पुढच्या पावसात तो पुन्हा कोंब काढतो. कवळ्याला, म्हणजे स्मिथिया हिर्सुटाला, असला आधार नाही. जूनमध्ये बी रुजतं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात आणि पाऊस सरला की मुळासकट सगळं वाळतं. मागे उरतं ते फक्त बी.

आणि ते बी फार दूर जात नाही. लोक याला मिकी माऊस म्हणतात ते पिवळ्या पाकळीवरच्या दोन तांबड्या ठिपक्यांमुळे, पण मला याची शेंग जास्त विलक्षण वाटते. फूल वाटाण्याच्या घराण्यातलं: वर ध्वज, बाजूला दोन पंख, खाली होडीच्या आकाराची नाव. मधमाशी बसली की तिच्या भाराने नाव खाली दबते आणि आतले पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. पुढे शेंग धरते ती निदलपुंजातच, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या आवरणातच लपलेली. तिचे पेर घडीच्या कागदासारखे एकमेकांवर दुमडलेले असतात आणि प्रत्येक पेरात एकच बी. वाळल्यावर पेर सुटे होतात. सोनकीच्या बीला पांढरे तंतू असतात, ते वाऱ्यावर जातं. कवळ्याच्या पेराला ना पंख ना तंतू. ते बहुतेक रोपाच्या आसपासच पडतं.

पडतं कुठे, तेही पाहा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, खोलगट जागी साठलेला मातीचा पातळ थर, एवढीच त्याची जमीन. चार महिने पाण्याने थबथबलेली आणि उन्हाळ्यात तापून कोरडीठाक. अशा निकस मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं किडे पकडून नत्राची गरज भागवतात. कवळा शेंगावर्गीय, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात. पण सप्टेंबरात ओल्या मातीवर माणसं बसली की रोप मोडतं, माती दबते आणि शेंगा धरायच्या आधीच त्या तुकड्यातलं वर्ष संपतं. कडक सालीचं थोडं जुनं बी मातीत टिकून राहत असेलही, पण त्यात दरवर्षी भर पडायला हवी. एकाच जागी दर मोसमात बसकण झाली तर ती कुठून पडणार?

गुरांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. कास परिसरातले गावकरी हे वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि त्यांचं म्हणणं गांभीर्याने ऐकायला हवं असं माझं ठाम मत आहे. चराई थांबली की गवत माजतं आणि बुटक्या रोपांना ऊन मिळत नाही. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासचा जागतिक वारशात समावेश झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे गुरं चरत होती. पण गुरं हवीत, म्हणून ऐन फुलोऱ्यात माणसांनी वाफ्यात उतरायला हरकत नाही, हे कसं? आधी गवत वाढल्यामुळे कवळा विरळ झाला असेल, तर उरलेल्या रोपांना जपणं जास्तच गरजेचं आहे.

भाजीचा मुद्दा मला सगळ्यात आवडला. कोवळे शेंडे खुडतात ते पावसाच्या सुरुवातीला. तेव्हा रोपापुढे अख्खा मोसम असतो, खालून नवे फुटवे येतात आणि फुलं-शेंगा वेळेवर धरतात. शिवाय खुडणारा हात सगळं उपटत नाही, त्याला पुढच्या आठवड्यातही भाजी हवी असते. फक्त भाजीचा कवळा आणि सड्यावरचा हा केसाळ कवळा एकच असतील असं नाही. स्मिथियाच्या बऱ्याच जाती आपल्याकडे आहेत आणि पानांवरून त्या पटकन ओळखू येत नाहीत. तुमच्याकडे खुडतात त्याच्या फुलाचा, निदलपुंजाचा आणि पानाच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो इथे टाकाल का? भाजी कशी करता तेही लिहा.