सही कोण करणार?

पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांत सध्या एकच वाद रंगलाय: अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक ज्येष्ठतेनं ठरावा की मुलाखतीनं? तरुण म्हणतात, नुसते केस पिकले म्हणून खुर्ची का द्यायची? ज्येष्ठ म्हणतात, मुलाखत आली की संस्थाचालकांचा भाचा आलाच. मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायचो, आता बर्मिंगहॅममध्ये तेच शिकवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन येतात, "सर, तिकडे कसं असतं?" तिकडे मुलाखतच असते म्हटलं की तरुणांना चेव येतो.

पण जरा थांबा. इथे जाहिरात निघते, शाळेच्या कारभारावर देखरेख करणारं गव्हर्नर मंडळ मुलाखत घेतं, नमुना पाठ होतो, काही शाळांत विद्यार्थ्यांचंही पॅनेल असतं. कागदावर सगळं चोख. तरी इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्याच आकडेवारीत दहापैकी नऊहून जास्त मुख्याध्यापक गोरे ब्रिटिश निघतात. बर्मिंगहॅमच्या वर्गांत बसलेली नाना वंशांची मुलं बघितली की हा आकडा जास्तच टोचतो. माझ्या आधीच्या शाळेत एका पदाची जाहिरात आतल्या एकाच माणसाच्या मापानं शिवली होती; बाकीच्यांनी अर्ज केले, छान मुलाखती दिल्या आणि घरी गेले. त्यामुळे आपली महाराष्ट्राची 1981 ची खाजगी शाळांची सेवाशर्ती नियमावली जेव्हा पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकालाच मुख्याध्यापक करा म्हणते, तेव्हा ती मला मागासलेली वाटत नाही. ज्याचा कुणी वाली नाही, त्याला तेवढाच आधार.

ज्येष्ठतेचं दुखणं वेगळं आहे. मोठ्या संस्थेत सगळ्या शाळांची यादी सामाईक. नंबर लागेपर्यंत माणूस सत्तावन्नाचा होतो आणि अठ्ठावन्नाला निवृत्त. (त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावून टाकलेली, म्हणून 31 मेला निरोपसमारंभांची ही गर्दी!) वर्षभरासाठी खुर्चीत बसलेला माणूस एकाच गोष्टीला घाबरतो: आपल्या नावावर काही निघालं तर पेन्शनचं प्रकरण अडकेल. मग तो कामं वाटतो, अधिकार मात्र मुठीत ठेवतो.

माझ्या ओळखीच्या एक पर्यवेक्षिका, म्हणजे मुख्याध्यापकांच्या हाताखाली शाळा सांभाळणाऱ्या बाई आहेत. सकाळी गैरहजर शिक्षकांचे तास लावायचे, यू-डायसची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीची माहिती भरायची, पोषण आहाराची नोंदवही बघायची, तावातावानं आलेल्या पालकांना शांत करायचं आणि मधल्या वेळात स्वतःचे तास. "बाई, एवढं तुम्ही बघून घ्या." बाई बघतात. पण दहावीच्या प्रात्यक्षिकांच्या तोंडावर प्रयोगशाळेतलं मोरचूद संपलं, तेव्हा काहीशे रुपयांची ती पुडी मागवायचा अधिकार बाईंना नव्हता. मागणीपत्र लिहिलं. मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीला गेलेले. ते आल्यावर कागद संस्थेच्या कार्यवाहांकडे, तिथे तो पडून राहिला. शेवटी विज्ञानाच्या सरांनी पदरचे पैसे घालून रविवार पेठेतून ते आणलं. प्रात्यक्षिकं उशिरा का झाली, याचा खुलासा कुणाकडे मागितला? बाईंकडे.

इथे आमची गणिताची विभागप्रमुख विभागाच्या बजेटमधून पुस्तकं स्वतः मागवते, कोणता गट कुणी शिकवायचा ते स्वतः ठरवते आणि चुकलं तर उत्तरही देते. त्यासाठी तिला वेगळा भत्ता आहे, तासही कमी आहेत. प्रत्येक शिक्षकाला अध्यापनाच्या वेळापैकी किमान 10 टक्के वेळ तयारीसाठी मोकळा मिळतो, 2005 पासून. सरकार आणि शिक्षक संघटनांमधल्या 2003 च्या करारानं पैसे गोळा करणं, झेरॉक्स काढणं अशी कारकुनी शिक्षकांच्या डोक्यावरून उतरवली. स्वर्ग नाही हा. बजेट आटतंय आणि असे भत्ते कुणाला मिळतात यावरून स्टाफरूममध्ये धुसफूसही होते. पण बाईंवर आली तशी पाळी इथे सहसा येत नाही.

पुण्याहून लगेच उत्तर येतं, "कामं वाटायची कुणाला? लिपिक नाहीत, शिपायाचं पद रिकामं झालं की 2020 च्या शासन निर्णयानं माणसाऐवजी ठोक भत्ता मिळतो." खरंय. म्हणूनच तर ओझं खाली घरंगळत जातं आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यावर येऊन थांबतं. माध्यमिकचा शिक्षण सेवक, म्हणजे नव्यानं लागलेला, अजून कायम न झालेला शिक्षक, तीन वर्षं 18,000 रुपये मानधनावर असतो. शाळेतलं सगळं ऑनलाइन काम त्याच्याच माथी, कारण "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना!" त्याच्या कामाचा निवाडा करणारेच त्याला हे सांगतात, मग तो काय बोलणार? ज्येष्ठता की मुलाखत या वादात त्याचं नावसुद्धा निघत नाही, याचं मला नवल वाटतं.

मुख्याध्यापक ज्येष्ठतेनंच होऊ देत. पण पर्यवेक्षकाला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार आणि आपल्या विभागातली किरकोळ रजा मंजूर करायची मुभा संस्थेच्या एका ठरावानं देता येईल. जबाबदाऱ्या आळीपाळीनं, नोटीस वहीत लिहून, आणि ज्याच्याकडे काम जास्त त्याचे तास कमी, हे तर मुख्याध्यापकही ठरवू शकतात. नवे मुख्याध्यापक 1 जूनला पदभार घेतात, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. वेळापत्रक त्याच दोन आठवड्यांत पक्कं होतं. पहिल्या शिक्षकसभेत हे मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.