थांबली की मरते
गोव्यात चोडणहून रायबंदरला येणाऱ्या फेरीबोटीतून गेल्या सोमवारी माझी गाडी आठ-दहा माणसांनी ढकलून बाहेर काढली, आणि त्या आठ-दहांत एक मासे विकणारी बाई होती, जिने बांगड्यांची पाटी दुसरीच्या हवाली करून माझ्या डिकीला हात लावला होता. डिकीला तो वास अजून येतो.

दुखणे तसे साधे होते. गाडी धावताना उत्तम धावे. पण सिग्नलला, गतिरोधकाशी, किंवा मयेच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या म्हणजे, जिथे म्हणून पाय ॲक्सिलरेटरवरून निघे तिथे इंजिनाचे फेरे दाखवणारी, एरवी आठशेवर स्थिर राहणारी सुई चारशेवर कोसळे, इंजिन एक आचका देई आणि सगळे शांत होई. एसी चालू असला तर आचकाही देत नसे. फेरीबोटीत मात्र सर्वांनाच इंजिन बंद ठेवावे लागते, त्यामुळे नदी ओलांडेपर्यंत माझी गाडी इतर गाड्यांइतकीच प्रतिष्ठित होती.

रायबंदरच्या धक्क्याला लागल्यावर पुढचा स्कूटरवाला उतारूंसाठी थांबला, मी थांबलो, आणि गाडी गेली. किल्ली फिरवली, ती उठली, पुन्हा गेली. असे सहा-सात वेळा झाल्यावर स्टार्टरने नुसते टकटक केले. मागून हॉर्न सुरू झाले आणि डाव्या खिडकीतून एक पांढऱ्या मिशीचा चेहरा आत आला.

‘‘कितें जालें बाब?’’

मी म्हटले, ‘‘काही नाही काका, बॅटरी उतरली.’’ ते अर्थातच खोटे होते, कारण बॅटरी उतरणे हा रोगाचा शेवट होता, रोग नव्हे.

‘‘धांवताना मरना मरे?’’

‘‘नाही.’’

‘‘रावल्यार मरता?’’

थांबली की मरते, हे कबूल करत मी मान डोलावली. गृहस्थांनी पत्रिकेत मंगळ सापडल्यासारखा चेहरा केला आणि खिडकीवर दोन्ही कोपर टेकवले. त्यांचा खाणीवर स्वतःचा ट्रक होता. तो म्हणे रात्रंदिवस खनिज वाहत होता तोवर त्याला शिंकसुद्धा आली नाही. पण 2012 साली खाणी थांबल्या तसा तो दारात उभा राहिला, मध्ये काही दिवस पुन्हा चालला, आणि 2018 मध्ये परत थांबला तो थांबलाच. टायर तडकले, टपात अळूची रोपे उगवली. ‘‘रावलो आनी मेलो,’’ असे म्हणून ते क्षणभर नदीकडे पाहत राहिले. मागे वीसेक वाहने, धक्क्यावर चढू पाहणारी तितकीच, खलाशी हातवारे करतो आहे, आणि मी पट्टा बांधलेल्या अवस्थेत एका ट्रकाच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त करतो आहे. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला त्या ट्रकाचा संताप आला होता.

मग त्यांनी निदान केले. ‘‘तिका वारें मेळना.’’ एवढे बोलून ते थांबले नाहीत, तर गर्दीला समजावे म्हणून त्यांनी आपले नाक चिमटीत धरले, गाल फुगवले, डोळे बाहेर काढले आणि माझ्या गाडीची प्राणांतिक अवस्था साभिनय करून दाखवली. लोक हसले. त्यानंतर त्यांनी सर्वांना ढकलण्याची आज्ञा केली. स्वतः मात्र टपावर नुसता हात ठेवून बाजूने चालले, पालखीबरोबर चालावे तसे. इंजिन बंद असल्याने स्टिअरिंग दगडासारखे जड झाले होते आणि दोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक झाला, हे सांगायला मला कोणी वेळ दिला नाही.

पुढचे चार दिवस गाडी गॅरेजात होती. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही, तेव्हा चार स्पार्क प्लग बदलून पाहू असे ठरले: अकराशे रुपये. मग बॅटरी: चार हजार सहाशे. मग पेट्रोलचा पंप कमकुवत वाटतो, साहेब: सहा हजार आठशे. पंप खरोखर कमकुवत असता तर गाडीने चोर्ला घाट चढताना धापा टाकायला हव्या होत्या, जिथे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त असते. ती तर तिथे सुरेख चढत होती. पण हे मला पैसे दिल्यावर सुचले. ‘बदलून पाहू’ या वाक्प्रयोगात बदलणारा एक आणि पाहणारा दुसरा असतो, आणि बिल नेहमी पाहणाऱ्याच्या नावाने फाटते, याबद्दल कुठे तक्रार करावी हे मला अद्याप कळलेले नाही.

पाचव्या दिवशी गॅरेजातल्या सर्वांत लहान पोराने इंजिनाला हवा देणारी थ्रॉटल बॉडी उघडली. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की तिथली झडप मिटते, आणि मग इंजिन जगते ते एका बारीक बगलेच्या वाटेने येणाऱ्या हवेवर. ती वाट किती उघडी ठेवायची हे एक छोटी झडप ठरवते. इंजिनातल्या तेलाच्या वाफा वर्षानुवर्षे तिथे बसून काजळीचा थर झाला होता. धावताना मोठी झडप उघडी, म्हणून तक्रार नाही. थांबलो की नाक बंद. पोराने फवारा मारला, फडक्याने पुसले, चारशे रुपये घेतले. दोन दिवस सुई हजाराच्या वर राहिली, मग आठशेवर येऊन बसली.

म्हणजे वारेच मिळत नव्हते. साडेबारा हजार रुपये ज्यांना दिले त्यांना हे कळले नाही, आणि ज्याला कळले त्याच्यावर मी मनातल्या मनात डाफरत होतो, ही गोष्ट मला निदानापेक्षा जास्त झोंबली.

काल पुन्हा त्याच बोटीवर ते भेटले. गाडी इतकी छान गुणगुणत होती की ती त्यांनी ऐकावी म्हणून मी काच खाली केली. पण तेवढ्यात खलाशाने नियमाप्रमाणे खूण केली आणि मला किल्ली फिरवून इंजिन बंद करावे लागले. काकांनी वळून पाहिले, हळहळले आणि बोटभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘‘परतून मेली?’’

कोपऱ्यातल्या बाईने पाटी खाली ठेवली.