‘ब्रिजेट लव्ह्ज बर्नी’ प्रेक्षकांअभावी बंद पडली नव्हती

ज्यू टॅक्सीचालक बर्नी आणि श्रीमंत आयरिश कॅथलिक घरातली शिक्षिका ब्रिजेट लग्न करून त्याच्या आईवडिलांच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या वरच्या घरात संसार थाटतात, अशी कथा असलेली ‘सीबीएस’ वाहिनीची ही अमेरिकी विनोदी मालिका प्रेक्षक न मिळाल्याने एकाच हंगामात गुंडाळली गेली, असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९७२-७३ च्या हंगामात ती लोकप्रियतेच्या यादीत पाचवी होती. शनिवारी रात्री दोन गाजलेल्या मालिकांच्या मधली वेळ मिळाल्याचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्य करायला हवे. आंतरधर्मीय विवाह असा हसतखेळत दाखवण्यास ज्यू धर्मगुरूंच्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला होता. निर्णय त्या दबावामुळे झाल्याचे वाहिनीने नाकारले. मात्र पाचव्या क्रमांकाची मालिका कोणी सहजासहजी बंद करत नाही.