महाराष्ट्र म्हणजे मुंबई नव्हे: माझ्या रणजी संघाबद्दल थोडं मनातलं

आमच्या घरी एक जुनी दोनशेपानी वही आहे. वडिलांची. पेपरच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत रणजीचे धावफलक यायचे, ते कापून खळीने चिकटवलेले. कागद पिवळा पडलाय, काही कात्रणं निसटून नुसते खळीचे डाग उरलेत. पहिल्या पानावर मात्र कात्रण नाही. तिथे वडिलांनी शाईच्या पेनाने फक्त एक ओळ लिहिली आहे: "भा. बा. निंबाळकर, नाबाद ४४३."

आम्ही मूळचे कोल्हापूरचे आणि भाऊसाहेब निंबाळकरही कोल्हापूरचेच. त्यामुळे हा आकडा आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झाला. पण कॉलेजसाठी पुण्यात आलो आणि लक्षात आलं की बाहेर हा आकडा फारसा कुणाला माहीत नाही. "मी रणजीत महाराष्ट्राच्या बाजूने" असं म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे मुंबईच ना? बेचाळीस वेळा जिंकलेत की!" गेली पंचवीस वर्षं मी हे ऐकतोय. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबई-ठाण्याचा पट्टा मुंबईकडे, नागपूर-अमरावतीची बाजू विदर्भाकडे. उरलं ते सगळं आमचं: पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाशिक, नगर, मराठवाडा, खानदेश. एवढा मोठा मुलूख, आणि रणजी करंडक फक्त दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर एकदाही नाही.

त्या दोन्ही वेळचे कप्तान म्हणजे प्रा. दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा माणूस. पहिल्या वर्षी पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवलं, दुसऱ्या वर्षी मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून. आणि त्या दुसऱ्या मोसमात मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचं वय होतं ४८. आज पस्तिशीच्या खेळाडूला लोक निवृत्तीचा सल्ला द्यायला लागतात. त्या सामन्यात महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. पहिल्या डावातल्या पंचवीस धावांच्या आघाडीवर आपण मुंबईला बाहेर काढलं होतं.

त्याच संघात विजय हजारे होते, सांगलीचे. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. आता गंमत बघा. देशात ज्या एकदिवसीय स्पर्धा ओळखल्या गेल्या, त्यातली एक देवधर करंडक आणि दुसरी विजय हजारे करंडक. दोन्ही नावं एकाच ड्रेसिंग रूममधली, आणि ती ड्रेसिंग रूम महाराष्ट्राची. हे आपण आपल्या पोरांना सांगतो का? मला तर शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांच्या वहीमुळे कळलं.

हजारे पुढे बडोद्याला गेले. ज्या संघाला ३१६ चोपल्या त्याच संघाचे झाले आणि तिथे मोठे झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संस्थानिक पदरी ठेवायचे, नोकरी द्यायचे, पोटाची सोय व्हायची. निंबाळकर स्वतः होळकर, बडोदा, रेल्वे असे कितीतरी संघ फिरले. पुण्याचे चंदू बोर्डेही बरीच वर्षं बडोद्याकडून खेळले. सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला महाराष्ट्राकडून पदार्पणातच हॅटट्रिक घेऊन चमकला, भारतासाठी सचिनच्याच पहिल्या कसोटीत खेळला आणि पुढे मुंबईचा झाला. श्रीरामपूरचा झहीर खान आमच्याकडून खेळलाच नाही. तो आधी बडोद्याचा, नंतर मुंबईचा. आणि सगळ्यात जिव्हारी लागतं ते हृषीकेश कानिटकरचं. पुण्याचा पोरगा, वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे आणि भारताचे कसोटीपटू. तो राजस्थानचा कप्तान झाला आणि २०१०-११ आणि २०११-१२, सलग दोन वर्षं त्यांना रणजी जिंकून दिली. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण त्या रात्री वडील जेवताना एवढंच म्हणाले, "आपला माणूस जिंकला, आपण नाही."

आता ४४३ कडे येतो, कारण त्यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठेवाड. काठेवाड २३८ धावांत आटोपलं. मग निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ जोडल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी विश्रांतीला खेळ थांबला तेव्हा ते नाबाद ४४३ होते, संघ ४ बाद ८२६. तेव्हाचा जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२. दहा धावा हव्या होत्या. फक्त दहा. पण काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. आपल्या नावावर असला विक्रम त्यांना नको होता. महाराष्ट्राच्या कप्तानाने आणखी दोनच षटकं मागितली होती, असं सांगितलं जातं. तीही मिळाली नाहीत. काठेवाड सामना सोडून निघून गेलं. खेळपट्टीवर फलंदाज तयार, आणि समोर गोलंदाजी करायला कुणी नाही.

ज्या माणसाने हे केलं त्याला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाने केलेली आजवरची सर्वांत मोठी खेळी हीच. डिसेंबर २०१२ मध्ये, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भाऊसाहेब गेले. वडिलांनी त्या दिवशी वही काढून पहिलं पान उघडून टेबलावर ठेवलं होतं. दिवसभर ती तशीच होती.

आमच्या संघाला असे तुटके आकडे फार. शंतनू सुगवेकर १९८८-८९ मध्ये पुण्यात मध्य प्रदेशविरुद्ध २९९ वर नाबाद राहिला. त्रिशतकाला एक धाव कमी. २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची अभेद्य भागीदारी ५९४ धावांची. तिसऱ्या विकेटचा जागतिक विक्रम ६२४, श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धनेचा. तीस धावा राहिल्या होत्या. गुगळे स्वतः कप्तान, त्याने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. संघाला सामना जिंकायचा होता, म्हणून. मला तो निर्णय आजही आवडतो.

पण सामना जिंकलो का? नाही. दिल्लीने ५९० केल्या, ऋषभ पंतने ३०८. सामना अनिर्णित.

माझं खरं दुखणं इथेच आहे. आपला इतिहास धावांनी गच्च भरलेला आहे, विकेट्सनी नाही. पुण्याच्या मैदानांनी आपल्याला फलंदाज दिले, पिढ्यानपिढ्या दिले. मोठा डाव उभा करायचा, आघाडी घ्यायची, हा आपला पिंड. १९४९ ची पुण्यातली मुंबई-महाराष्ट्र लढत आठवा: मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. सामन्यात एकूण २,३७६ धावा, नऊ शतकं. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात सर्वाधिक धावा म्हणून ही नोंद जगभर सांगितली जाते. आणि ३५४ धावांनी हरलो कोण? आपण. चौथ्या डावात सहाशे करूनही हरलेला संघ अजून कुठला असेल तर मला सांगा. सुरेंद्र भावेसारखा माणूस वर्षानुवर्षं धावांचे डोंगर रचत राहिला आणि भारतीय टोपी त्याला कधी मिळाली नाही. धावा आपल्याकडे कधीच कमी पडल्या नाहीत. समोरच्याचे वीस गडी दोनदा, तीनदा, सलग पाच सामन्यांत कोण काढणार, हा प्रश्न १९४१ पासून तसाच आहे.

गोलंदाज आलेच नाहीत असं नाही. वसंत रांजणे यांनी खडकवासल्याला पदार्पणात सौराष्ट्राचे ३५ धावांत ९ गडी काढले होते. पांडुरंग साळगावकरांच्या वेगाबद्दल त्या काळात खेळलेले लोक आजही आदराने बोलतात. पण जोडीला जोडी, मागे तिसरा तयार, असं कधी जमलं नाही. मुंबईकडे एक गेला की दुसरा उभा असायचा. १९७०-७१ ची अंतिम लढत घ्या. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले, सुधीर नाईकांच्या हाताखाली उरलेला संघ, समोर आपले बोर्डे, आणि तरी करंडक मुंबईचाच. १९९२-९३ ला लुधियानात पंजाबकडून हरलो. पंजाबचा तो आजवरचा एकमेव रणजी. १९९३ च्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, देवधर गेले.

आणि मग २०१३-१४. त्या मोसमात केदार जाधवने १,२२३ धावा केल्या. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याजवळच्या गहुंजेला उत्तर प्रदेशविरुद्ध त्याने ३२७ केल्या, तेव्हा मी एक दिवस जाऊन बसलो होतो. मोजके प्रेक्षक. चेंडू बॅटच्या मधोमध लागला की आवाज रिकाम्या स्टँडवर आपटून परत यायचा, म्हणजे प्रत्येक चौकार दोनदा ऐकू यायचा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. पुढच्या वर्षी वानखेडेवर उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईविरुद्ध आपल्याला २५२ चं लक्ष्य होतं. केदार नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. आठ गडी राखून मुंबईला मुंबईत हरवलं! उपांत्य फेरीत इंदूरला आपल्या वेगवान गोलंदाजांनी, समद फल्लाह आणि संकलेचाने, बंगालला पहिल्या डावात ११४ वर गुंडाळलं. मी वडिलांना फोन करून म्हटलं, बघा, गोलंदाजी आली. ते म्हणाले, "अंतिम सामना होऊ दे." हैदराबादला कर्नाटकने सात गडी राखून हरवलं.

यानंतर विदर्भाने तीन वेळा रणजी जिंकली: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आपल्याच राज्याचे लोक आहेत आणि त्यांनी ते गोलंदाजीच्या आणि शिस्तीच्या जोरावर मिळवलं. काठेवाडचं पुढे सौराष्ट्र झालं, त्यांनीही रणजी जिंकली. डिसेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याच सौराष्ट्राने आपल्याला हरवलं. ऋतुराज गायकवाडने त्या सामन्यात शतक केलं होतं. त्याआधी काही दिवस उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात (एक नो-बॉल धरून) सात षटकार मारून नाबाद २२०. पुन्हा धावा आपल्या, करंडक त्यांचा. आणि करंडकावर नाव कुणाचं, तर आपल्या हजाऱ्यांचं.

आता जिल्ह्यांतून पोरं येताहेत. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी, नाशिकचा सत्यजित बच्छाव. मुलींमध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाबद्दल मी काय वेगळं सांगावं. पण सामने गावागावांत गेले पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे. अलीकडे सोलापूर आणि नाशिकला रणजीचे सामने झाले, हे फार चांगलं झालं. दूरवरच्या स्टेडियमवर कुणी कामाचा दिवस मोडून जात नाही. गावातल्या मैदानावर जातं.

जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर बडोद्याविरुद्ध सामना होता. मी वडिलांना घेऊन गेलो. वय झालंय, पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून कडेला सावलीत खुर्ची टाकली. सकाळी फिरायला आलेले लोक थांबून थांबून बघत होते, शाळेचे गणवेश घातलेली पोरं सीमारेषेच्या दोरीजवळ दाटीने उभी होती. एका पोराने ऋतुराज जवळून गेल्यावर मित्राला इतक्या जोरात चिमटा काढला की तो ओरडला. महाराष्ट्र ४३९ धावांनी जिंकला. बडोद्याचे दोन्ही डाव गुंडाळून, म्हणजे वीसच्या वीस गडी काढून.

वडिलांनी परतीच्या वाटेवर बस स्टँडवर पेपर घेतला. घरी आल्यावर कात्री मागितली.