जर्मनीत येताय? आजारी पडायच्या आधी डॉक्टर शोधून ठेवा

जर्मनीत ट्रीटमेंट फ्री आहे असं कोणी म्हणालं की मला सरळ पगाराची स्लिप काढून दाखवावीशी वाटते. सरकारी इन्शुरन्सचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर इन्शुरन्सवाल्यांचा जादा हप्ता वेगळा, अर्धं आपण भरायचं अर्धं कंपनीने. फ्री कसलं डोंबलाचं! पण भरल्यावर मात्र कटकट नाही हे खरं. कमवत नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात कव्हर, डॉक्टरकडे कार्ड दिलं की काम झालं, प्रिस्क्रिप्शनच्या औषधाला बहुतेक वेळा ५ ते १० युरो, अॅडमिट झालात तर दिवसाला १० युरो आणि तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. त्यामुळे पैशांबद्दल मला काहीच बोलायचं नाहीये.

माझा राग आहे तो आत शिरण्यावर. इथलं सगळं हाउसआर्ट्स्टभोवती फिरतं, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. स्पेशालिस्टची चिठ्ठी तो देणार, सिक लीव्हचा कागद तो देणार, जुने रिपोर्ट त्याच्याकडे. आणि नवीन आलेला माणूस फोन करतो तेव्हा ऐकतो काय, तर आम्ही नवीन पेशंट घेत नाही. तेही फोन लागला तर, कारण कितीतरी ठिकाणी फोन सकाळचे काही तासच उचलतात, बुधवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद, आणि पलीकडून जे फाडफाड जर्मन येतं ते तापात कोणाला कळणार? सिक लीव्ह कंपनीला ऑनलाइन कळते, जानेवारी २०२४ पासून प्रिस्क्रिप्शनही कार्डावर येतं, पण टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, हवी तर अजूनही फोन कानाला लावून ताटकळत बसा.

यावर उपाय आहे, ११६११७. दवाखाने बंद असताना तब्येत बिघडली पण जिवावरचं नाही तेव्हा हा नंबर, जिवावरचं असेल तर ११२. हा फरक माहीत नसल्याने आपली माणसं थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन तासन् तास बसतात आणि मग जर्मनांना शिव्या घालतात. याच नंबरवाले स्पेशालिस्टची टर्मिनही काढून देतात, पण बहुतेक स्पेशालिस्टसाठी चिठ्ठीवर अर्जंट कोड लागतो आणि चिठ्ठी कोण देणार, तर हाउसआर्ट्स्ट! घ्या. अर्थात हाउसआर्ट्स्टचीच टर्मिन हवी असेल तर कोड लागत नाही, तिथून सुरुवात करा.

"अँटिबायोटिक देत नाहीत, चहा पी आणि झोप म्हणतात" ही तक्रार मात्र मला पटत नाही. व्हायरल तापाला अँटिबायोटिक कशाला हवं? आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, कायदाच आहे तसा, मग झोपा की निवांत.

डोकं फिरतं ते दवाखान्यात फोन केल्यावरच्या पहिल्याच प्रश्नाने, इन्शुरन्स सरकारी की प्रायव्हेट? प्रायव्हेटवाल्याला स्पेशालिस्टची टर्मिन लवकर मिळते हे इथे सगळ्यांना माहितीये. म्हणून पगार वाढला की लोक उड्या मारत प्रायव्हेटमध्ये जातात. जायच्या आधी एवढं बघा, तिथे बायकोचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा लागतो, आणि वयाची ५५ वर्षं उलटली की सरकारीत परत येणं जवळजवळ अशक्य.