‘सागाच्या फळकुटाचे साडेआठशे?’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यातून हाताचा राउटर रंधा (खाच सगळीकडे सारख्या खोलीची करणारं हत्यार) घेतलात आणि साडेआठशे रुपये जास्त देऊन त्याच्या खाली बसवायचा, आम्ही बनवलेला सागवानी तळही घेतलात. चौरंगाच्या फळीत पितळी पत्रा बसवण्यासाठी २३० मिमी रुंदीची उथळ खाच काढताना पातं मध्येच खोल घुसलं. पावसाळ्यात तळ डगडगायला लागला. पलंगाच्या पायातल्या २० मिमी खोल खाचेत पातं बुडापर्यंत पोचलंच नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘तळ काढून वापरा’. आणि शेवटी तुमचं वाक्य : ‘चांगल्या लोखंडी रंध्याला फळकुट लावून लुबाडतात.’

फोटो टाकलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज उरली नाही.

आधी फळकुटाबद्दल. लोखंडी राउटर रंध्याला लाकडी तळ लावायची युक्ती आम्ही काढलेली नाही. स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीच्या जुन्या ७१ नंबरच्या राउटर रंध्यावर १८८४ च्या पेटंटची तारीख ओतलेली असते. त्या घराण्यातल्या रंध्यांच्या तळाला दोन भोकं येतात, ती अशासाठी की वापरणाऱ्याने आपल्या कामाच्या मापाचा लाकडी तळ करून खालून बसवावा. लोखंडी तळ साधारण साडेसात इंच, म्हणजे १९० मिमी. बिजागरीचं घर किंवा कपाटाच्या फळीची खाच असल्या कामाला तो पुरतो. तुमची खाच २३० मिमीची. नुसता लोखंडी रंधा तिच्या मध्यावर ठेवलात तर तो अख्खा खड्ड्यात उतरेल, टेकायला काठच नाही. तेव्हा तळ लावला म्हणून काम बिघडलं असं म्हणता येत नाही. तळाशिवाय ते सुरूच झालं नसतं.

मग पातं घुसलं कशाने? तुमच्या दुसऱ्या फोटोत खोल गेलेले दोन पट्टे दिसतात. ते खाचेच्या मध्यावर नाहीत आणि अगदी काठालाही नाहीत, मध्य आणि काठ यांच्या दरम्यान आहेत. दोन्ही बाजूंना, जवळजवळ सारख्या अंतरावर. तळ वाकडा असता तर असे जोडीने पट्टे उठले नसते.

हिशोब करून बघा. तळ ३५० मिमी लांब, पातं त्याच्या मधोमध. रंधा खाचेच्या बरोबर मध्यावर असताना तळ दोन्ही काठांवर ६०-६० मिमी टेकतो. रंधा उजवीकडे सरकवत गेलात की डावीकडचा टेकू तेवढाच कमी होतो. मध्यापासून ६० मिमीच्या पुढे गेलात की डावं टोक काठावरून सुटतं आणि अधांतरी राहतं. त्या वेळी डाव्या मुठीवर सवयीने भार राहिला की रंधा खड्ड्याकडे कलंडतो आणि पातं खाली जातं. एकदा खोल गेलं की ते लाकडात आणखी ओढलं जातं. डावीकडे जाताना हेच उलट बाजूने घडतं. तुमचे दोन्ही पट्टे बरोबर त्याच अंतरावर आहेत.

खाचेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पातं फिरवताना दोन्ही काठांवर टेकू हवा असेल, तर तळ खाचेच्या रुंदीच्या किमान दुप्पट लागतो. तुमच्या चौरंगाला ४६० मिमी आणि वर टेकण्यापुरता थोडा. एवढा लांब तळ बनतो, आम्ही मागणीप्रमाणे करूनही देतो, पण फ्लॅटमधल्या टेबलावर तो वापरायला सुख नाही. त्यापेक्षा जुनी रीत सोपी आहे : मध्ये एक पट्टा न कापता ठेवायचा. आधी दोन्ही भिंतींकडचा भाग काढायचा. तेव्हा रंधा एकीकडे काठावर आणि दुसरीकडे या मधल्या पट्ट्यावर टेकतो. सगळं खोलीला आलं की शेवटी मधला पट्टा काढायचा. तो मध्यापासून ६० मिमीच्या आत असल्याने त्या वेळी तुमचा ३५० चा तळ दोन्ही काठांवर बसलेला असतो. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

आणखी एक. हा रंधा लाकूड उपसायला नाही, सपाट करायला आहे. उपसायचं काम पटाशीचं. पटाशीने खोलीच्या जवळ यायचं, एखादा मिमी राखायचा, मग रंधा घ्यायचा आणि दर फेरीला पातं खाली घेणारा नट जेमतेम पाव फेरा फिरवायचा. रंधा जोर लावून ढकलावा लागतोय असं वाटलं तर पातं जास्त उतरलंय किंवा बोथट झालंय.

आता डगडगण्याकडे येतो, कारण ठाण्यात लाकूड वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. तळ आम्ही दिला तेव्हा त्याला सगळ्या बाजूंनी जवसाचं तेल होतं. फोटोत वरची बाजू काचेसारखी चमकतेय आणि खालची कोरी, काचपेपर मारलेली दिसतेय. म्हणजे वरून पीयू पॉलिश झालंय आणि खालचं तेल घासून गेलंय. हौसेने केलंत, दिसतंयही छान. पण घोडबंदर रोडला एकीकडे खाडी, दुसरीकडे येऊरचा डोंगर आणि चार महिने ओली हवा. कोऱ्या बाजूने लाकूड दमट हवा पितं आणि आडव्या दिशेने फुगतं. पॉलिशची बाजू तशी फुगत नाही. एक अंग वाढलं, दुसरं तेवढंच राहिलं, की फळी वाढलेल्या बाजूला पोट काढते. तुमच्या तळाचं पोट खाली आलंय आणि रंधा त्यावर डोलतोय. सागासारखं स्थिर लाकूडही याला अपवाद नाही. शेल्फच्या फळीला एकाच बाजूने सनमायका लावली की ती वाकते, ते याच कारणाने. म्हणूनच जाणता सुतार मागच्या बाजूलाही स्वस्तातली का होईना शीट चिकटवतो.

दुरुस्ती घरी होईल. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमी जाड काचेचा तुकडा आणा. त्यावर १२० नंबरचा काचपेपर पाण्याच्या थेंबांनी किंवा टेपने चिकटवा. तळ रंध्यावर घट्ट बसवलेलाच ठेवा, सुटा घासू नका, कारण स्क्रू आवळल्यावर लाकूड थोडं बदलतं. पातं पूर्ण वर घ्या. खालच्या बाजूवर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा मारा आणि घासत राहा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या की तळ सपाट झाला. मग वरचं पॉलिश खरवडून दोन्ही बाजूंना सारखं तेल द्या आणि खालून मेणबत्तीचं मेण घासा. दरवर्षी पाऊस ओसरला की एकदा हे करावं लागणार. लाकडी रंधा वापरणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या रंध्याचा तळ असाच सरळ करत आलेत. ज्याला हे नको असेल त्याने ६ मिमी हायलम शीटचा (राळेत दाबून केलेल्या कडक शीटचा) तळ घ्यावा. तो दमट हवेत जवळजवळ हलत नाही, पण हाताला लाकडासारखा वाटत नाही आणि घासून सरळ करायला कंटाळवाणा. मी स्वतः साग वापरतो. मुलगा हायलम वापरतो. घरात यावर एकमत नाही.

खोल खाचेबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. १२ मिमीचा तळ लावला की पात्याची पोच १२ मिमीने कमी होते, त्यात चलाखी काही नाही. पण पलंगाच्या पायातली खाच अरुंद असते. तिच्या दोन्ही काठांवर लोखंडी तळ आरामात बसतो, लाकडी तळ तिथे लागतच नाही. दोन स्क्रू काढले की १२ मिमी परत मिळाले. काउंटरवरच्या मुलाने तेच सांगितलं होतं. तो तीन शब्दांत बोलतो, हे मान्य. गिऱ्हाईक असो की मी, सगळ्यांशी तसाच. पण उत्तर बरोबर होतं, आणि त्यासाठी मी त्याला काही बोलणार नाही.

लांब तळाचा खरा उपयोग चौरंगापेक्षा दुसरीकडे आहे. तुम्ही पलंग करताय म्हणून सांगतो. आडव्या दांडीच्या टोकाला कुसू (पायाच्या खाचेत बसणारी जीभ) काढता ना, त्याचे गाल, म्हणजे दोन्ही सपाट बाजू, करवतीने कधी सारखे येत नाहीत. लांब तळाचा अर्धा भाग दांडीवर ठेवा आणि सगळा जोर त्या हाताने द्या. दुसरा अर्धा भाग पात्यासकट कुसूवर येईल. पात्याची खोली दांडीच्या पृष्ठभागावरून ठरलेली असल्याने कुसूचा गाल त्याला समांतरच निघतो. एक बाजू झाली की खोली न बदलता दांडी उलटा आणि दुसरी बाजू करा. दांडीची दोन्ही अंगं समांतर असतील तर कुसू आपोआप मध्यावर येतो. आखूड लोखंडी तळावर हेच करताना रंधा सारखा कुसूकडे झुकतो, कारण दाबून धरायला जागाच कमी. एकदा करून बघा, मग साडेआठशेचं बोलू.

तसा साडेआठशेचा हिशोबही उघड आहे. लाकूड शंभर-दीडशेचं असेल. बाकीचे पैसे उभ्या रेषांची वाळलेली फळी निवडण्याचे, ती सपाट करण्याचे आणि भोकं रंध्याशी जुळवण्याचे. रेषा लांबीच्या दिशेने आणि दोन्ही भोकं त्याच रेषेत ठेवतो, म्हणजे लाकूड आडवं फुगलं तरी स्क्रूंवर ताण येत नाही. हे घरी करता येतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तेच सांगतो : पहिला तळ आमचा घ्या, तो नमुना समजा आणि पुढचे आपल्या कामाप्रमाणे स्वतः करा. अरुंद कडेवर काम असेल तर पात्याभोवतीचं भोक लहान ठेवा, म्हणजे टेकू पात्याच्या जवळ येतो. खाच नीट दिसायला हवी असेल तर भोक मोठं ठेवा. एकच तळ सगळीकडे चालवायचा हट्ट धरला की चिडचिड होणारच.

‘यापेक्षा इलेक्ट्रिक राउटर घेतला असता’ असंही लिहिलंत. जरूर घ्या, आम्ही तोही विकतो. पण २३० मिमीच्या खाचेत त्याचाही गोल तळ कलंडतो. लोक त्यालाही खालून प्लाय किंवा अॅक्रिलिकची लांब पट्टी लावतात. शिवाय सोसायटीत दुपारी दोन ते चार तो चालवून दाखवा.

आता देण्याघेण्याचं. तळ नको असेल तर पॉलिश केलेला असला तरी परत घेऊ आणि साडेआठशे पूर्ण परत देऊ. ठेवायचा असेल तर काचेवर सरळ करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. पात्याचं मात्र तसं नाही. चौथ्या फोटोत त्याचं टोक निळं पडलेलं दिसतंय, म्हणजे ते कोरड्या ग्राइंडरवर तापलंय. पोलाद तापून निळं झालं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि धार टिकत नाही. ‘दोन मिनिटांत बोथट होतं’ या तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. निळा भाग घासून काढला तर मागे चांगलं पोलाद शिल्लक असेल, पण या पात्याचं पाऊल (खालचा आडवा, धारेचा भाग) मुळातच आखूड, त्यामुळे किती उरेल ते हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. उरलं तर धार लावून देऊ. नाही उरलं तर नवीन पातं आम्हाला पडतं त्या किमतीला देऊ, फुकट नाही.

शुक्रवार सोडून कधीही या. चौरंगाची फळी उचलून आणणं जमत असेल तर तीही आणा. पट्टे फार खोल नसतील तर सगळी खाच त्या खोलीला नेता येईल आणि पत्र्याखाली पातळ व्हिनिअर (लाकडाचा पापुद्रा) टाकून तो वर घेता येईल. तोवर पातं पुन्हा ग्राइंडरवर लावू नका.